स्पीकरच्या दोन जोड्या एकत्र लावायच्यात? कशा लावायच्या, कुठे ठेवायच्या आणि कधी लावूच नयेत

दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून बाबांच्या जुन्या डेकचे दोन लाकडी स्पीकर खाली आले आणि तिथून हे सगळं सुरू झालं. हॉलमध्ये माझी बुकशेल्फ स्पीकरची जोडी आधीच होती, अ‍ॅम्पच्या मागे ए आणि बी अशी दोन जोड्यांची सोय होती, मग काय, संध्याकाळपर्यंत चारही स्पीकर वाजायला लागले. पहिली दहा मिनिटं वाटलं, अरे वा, काय भरलाय आवाज! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत शांतपणे ऐकलं तेव्हा कळलं की आवाज नुसता मोठा झालाय. गाणारीचा गळा आधी दोन स्पीकरच्या मधोमध नीट उभा असायचा तो आता अख्ख्या भिंतीवर पसरलाय, आणि तबल्याची चाट जी टचकन यायची ती मऊ पडलीये.

त्यानंतर वर्षभर मी हा उद्योग करत होतो आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जोडी वाढवली की आवाज वाढतो हे खरं, पण तो सुधारतो फक्त तेव्हा जेव्हा दुसऱ्या जोडीला पहिलीपेक्षा वेगळं काम दिलेलं असतं. चौघांना तेच गाणं तसंच्या तसं म्हणायला लावलं तर ते एकमेकांच्या आड येतात. याला एकच अपवाद आहे, अगदी सारख्या दोन जोड्या एकावर एक रचणं, त्याबद्दल खाली सांगतो.

आणि दुसरी गोष्ट शिकलो ती महागात पडली. बहिणीच्या डोहाळजेवणाला ४ ओहमच्या दोन जोड्या मी एकाच असेम्बल केलेल्या अ‍ॅम्पला समांतर लावल्या, तासभर झकास वाजलं आणि मग स्वयंपाकघरातून काकू ओरडली की काहीतरी करपलंय. भजी नव्हती करपली, अ‍ॅम्पचा आउटपुट आयसी (स्पीकरला पॉवर देणारी चिप) गेला होता. चूक सगळी माझी. म्हणून आधी वायरिंगचं गणित, मग ऐकण्याच्या गमती.

पायरी १: हातात काय आहे ते बघा

स्पीकरच्या मागचं लेबल वाचा. दोन आकडे हवेत, इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो ते, ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे सारख्याच व्होल्टेजला तो किती मोठा वाजतो ते, डीबीमध्ये. वॅटचा आकडा सगळे आधी बघतात पण इथे त्याचं काम सगळ्यात कमी. लेबल उडालं असेल तर मल्टीमीटर लावा, स्पीकर कशालाही जोडलेला नसताना. ६ ते ७ च्या आसपास आलं तर तो ८ ओहमचा धरा, ३ ते ३.५ आलं तर ४ ओहमचा. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो नेहमी छापलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे ६.५ दिसलं म्हणून स्पीकर खराब आहे असं समजू नका. होम थिएटरच्या खोक्यातून आलेले छोटे सॅटेलाइट स्पीकर मात्र खरोखरच ३-४ ओहमचे असू शकतात, ते त्यांच्या स्वतःच्याच अ‍ॅम्पसाठी बनवलेले असतात, दुसऱ्या जोडीसोबत लावताना त्यांच्यापासून सावध.

मग जाळी काढून वूफरची, म्हणजे बेसच्या मोठ्या गोल स्पीकरची, कड बघा. फोमची असेल तर हलकेच बोट लावा. आपल्याकडच्या दमट हवेत, मुंबई-कोकणात तर नक्कीच, पंधरा-वीस वर्षांनी हा फोम चिवड्यासारखा चुरतो. तसं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास विचारलंत तर नवी रिंग बसवून देणारा सापडतो. रबराची किंवा कापडाची कड असेल तर बहुतेक वेळा ठणठणीत असते. ट्वीटर (वरच्या बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) अगदीच मंद वाटत असेल तर आतला जुना कपॅसिटर सुकलेला असू शकतो, ते स्वस्तातलं काम आहे.

आता पेन्सिल सेलची ट्रिक. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, त्याचं प्लस स्पीकरच्या लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा, धरून ठेवू नका. टक् असा आवाज येईल आणि वूफरचा कोन बाहेर आला पाहिजे. आत गेला तर त्या स्पीकरची आतली वायर कोणीतरी कधीतरी उलटी जोडलीये, किंवा बनवतानाच तशी आहे. चारही स्पीकरवर करा आणि उलटा निघेल त्यावर मार्करने खूण करा. माझ्या बाबांच्या जोडीतला एक उलटा निघाला! म्हणजे हे स्पीकर तीस वर्षं उलटसुलट वाजत होते आणि घरात कोणाला पत्ता नाही, बाबा फक्त म्हणायचे की याला बेसच नाही.

पायरी २: अ‍ॅम्पच्या पाठीवर काय लिहिलंय

ए आणि बी अशी दोन जोड्यांची टर्मिनल असलेल्या अ‍ॅम्पवर बारीक अक्षरात साधारण असं असतं: ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए अधिक बी, ८ ते १६ ओहम. याचा अर्थ एकच जोडी वाजवणार असाल तर ४ ओहमचीही चालेल, पण दोन्ही एकदम वाजवायच्या तर प्रत्येक स्पीकर किमान ८ ओहमचा हवा. कारण बहुतेक अ‍ॅम्पमध्ये ए आणि बी आतून समांतरच जोडलेले असतात. काही जुन्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही दाबल्यावर ते सिरीजमध्ये जातात, तिथे एक जोडी काढून ठेवली की दुसरीही वाजत नाही, तीच त्याची ओळख.

आता ते छोटे, हातात मावणारे क्लास डी अ‍ॅम्प. स्वस्त, चांगले, पण त्यातल्या बहुतेकांचा आउटपुट ब्रिज्ड असतो, म्हणजे काळ्या टर्मिनलवरसुद्धा सिग्नल असतो, तो ग्राउंड नसतो. अशा अ‍ॅम्पच्या डाव्या-उजव्या बाजूचे मायनस चुकूनही एकमेकांना जोडायचे नाहीत. खात्री करायला अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, दोन्ही मायनसच्या मध्ये मल्टीमीटर लावा, जवळजवळ शून्य ओहम आलं तर मायनस कॉमन आहेत, नाही आलं तर ब्रिज्ड धरून चाला. हा निकाल कागदावर लिहून ठेवा, पुढे मागच्या स्पीकरच्या प्रयोगात लागणारे.

एव्हीआर, म्हणजे होम थिएटरचा अनेक चॅनेलवाला रिसीव्हर, असेल तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. त्याच्या प्रत्येक चॅनेलला स्वतःचा अ‍ॅम्प असतो, दुसरी जोडी सराउंडच्या टर्मिनलला लावा आणि सगळ्या चॅनेलवर स्टिरिओ वाजवणारा मोड निवडा, ओहमची वजाबाकी-बेरीज करायची गरजच नाही.

पायरी ३: ओहमचं गणित, पाचवीतल्या मुलालाही येईल असं

समांतर, म्हणजे लाल लालला आणि काळा काळ्याला: दोन्ही आकड्यांचा गुणाकार भागिले बेरीज. ८ आणि ८ म्हणजे ६४ भागिले १६, आले ४. ६ आणि ६ चे ३. ८ आणि ६ चे ३.४. ८ आणि ४ चे २.७. आणि माझ्या डोहाळजेवणाचे ४ आणि ४, म्हणजे २, जे बहुतेक घरगुती अ‍ॅम्पला झेपत नाही. ओहम निम्मे झाले की त्याच व्हॉल्यूमला करंट दुप्पट, आणि करंट वाढला की उष्णता.

सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्याचा काळा दुसऱ्याच्या लालला: सरळ बेरीज. ८ आणि ८ चे १६, अ‍ॅम्प सुरक्षित, आवाज थोडा कमी. मग सगळं सिरीजमध्येच का लावू नये? कारण स्पीकरचे ओहम स्थिर नसतात. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर खालच्या रेझोनन्सला (वूफर ज्या बेसच्या सुराला आपणहून थरथरतो तिथे) २५-३० ओहमपर्यंतही चढतो. दोन वेगवेगळे स्पीकर सिरीजमध्ये लावले की दर सुराला व्होल्टेजची वाटणी वेगळी होते, एकाचा चढउतार दुसऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि मग एखाद्या सुरावर बेस ढुमढुम आणि पुढच्या सुरावर गायब. म्हणून सिरीज फक्त अगदी सारख्या स्पीकरसाठी, त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या. सारखे चार असतील तर दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या समांतर, ८ ओहमचे चार मिळून परत ८ च.

समांतरमध्ये सुद्धा एक गोम आहे. ८ आणि ४ एकत्र लावले तर ४ वाला दुप्पट पॉवर ओढतो. त्यात त्याची सेन्सिटिव्हिटीही जास्त असली तर दुसरी जोडी लावलीये की नाही तेच कळत नाही.

गणित बसत नसेल तर? दुसरा अ‍ॅम्प घ्या. खरं सांगायचं तर मी आता सगळ्यांना हेच सांगतो. जुना, साधा, ३०-४० वॅटचा कुठलाही चालेल. सोर्समधून एक वाय केबल (एकाचे दोन फाटे करणारी) काढून दोन्ही अ‍ॅम्पना सिग्नल द्या, प्रत्येक जोडीचा व्हॉल्यूम वेगळा हातात येतो आणि ओहमची कटकट संपते. फक्त दोन गोष्टी: दोन्ही अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, नाहीतर ५० हर्ट्झची भुणभुण मागे लागू शकते, आणि दोन अ‍ॅम्पचे आउटपुट एकाच स्पीकरला कधीही म्हणजे कधीही एकत्र जोडू नका. वाय केबल इनपुटला चालते, आउटपुटला दोन्ही अ‍ॅम्पचं श्राद्ध घालते. बाजारात स्पीकर सिलेक्टर म्हणून खोकं मिळतं, त्यातल्या काहींमध्ये अ‍ॅम्पच्या बचावासाठी सिरीजमध्ये रेझिस्टर टाकलेले असतात, अ‍ॅम्प वाचतो हे खरं पण बेसची पकड ढिली होते, स्वयंपाकघरात किंवा बाल्कनीत बॅकग्राउंडला गाणी लावायला ठीक आहे.

गणपतीच्या मांडवातले किंवा हॉटेलच्या छतातले १०० व्होल्ट लाइनचे स्पीकर कोणी फुकट दिले तरी यात आणू नका, त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्यांची जातच वेगळी.

पायरी ४: वायर

इथे लवकर उरकतो. तांब्याची, मल्टी-स्ट्रँड, १.५ स्क्वेअर एमएम, पाच-सात मीटरपर्यंत काही बघायची गरज नाही. त्यापुढे किंवा ४ ओहमच्या लोडला २.५ घ्या. हिशोब हवा असेल तर: १० मीटर लांबीची ०.५ ची बारीक वायर जाऊन-येऊन ०.७ ओहम खाते, २.५ ची फक्त ०.१४. स्वस्त चकचकीत वायर घेताना टोक खरवडून बघा, आतून पांढरट निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. हजारो रुपयांच्या केबलबद्दल माझं मत विचारू नका, भांडणं होतात.

अ‍ॅम्प बंद करूनच वायरी लावा आणि टोकाचे केस बाहेर राहू देऊ नका, एक केस शेजारच्या टर्मिनलला लागला तरी पुरे. मघाशी मार्करने खूण केलेला उलटा स्पीकर आता उलटाच जोडायचा, लालला काळी, की झाला सुलटा.

पायरी ५: कुठे ठेवायचे, खरी मजा इथे आहे

आधी हे समजून घ्या की माझा पहिला दिवस का फसला. एकच आवाज दोन जागांहून तुमच्या कानाशी आला आणि त्यातला एक १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही, एवढा जास्त लांबून आला, तर १००० हर्ट्झला दोन्ही लाटा एकमेकींच्या बरोब्बर उलट्या पडतात आणि तो सूर खड्ड्यात जातो. तसाच ३००० ला, ५००० ला. मध्ये २००० ला, ४००० ला उलट दोघी मिळून चढतात. म्हणजे कंगव्याच्या दात्यांसारखं खड्डा-उंचवटा-खड्डा, याला कोम्ब फिल्टरिंग म्हणतात. आणि हे खड्डे नेमके कुठे पडतात? माणसाच्या गळ्याची स्पष्टता आणि तबल्याची चाट जिथे असते तिथेच. मान थोडी हलवली की खड्डे सरकतात, म्हणून आवाज पसरल्यासारखा, धुरकट वाटतो. खालच्या बेसला मात्र हा त्रास नाही, कारण १०० हर्ट्झची लाट सव्वातीन-साडेतीन मीटर लांब असते, वीतभर फरकाने तिला काही होत नाही.

यातून तीन चांगले मार्ग निघतात.

पहिला, सारख्या जोड्या एकावर एक. १९७० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅडव्हेंट नावाच्या स्पीकरच्या दोन जोड्या घेऊन अशा रचायची मोठी हौस होती लोकांना, अमेरिकन ऑडिओ डिझायनर मार्क लेव्हिन्सनच्या एचक्यूडी सिस्टीममध्येही दर बाजूला क्वाड या ब्रिटिश कंपनीचे दोन इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल (पातळ पडद्याचे सपाट स्पीकर) एकावर एक होते. पद्धत अशी की खालचा डबा सरळ, वरचा डबा उलटा डोक्यावर, म्हणजे दोन्ही ट्वीटर मधोमध जवळजवळ येतात, आणि तो मधला बिंदू बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणायचा. सोफ्यावर बसून कान जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा, अंदाजे नको. कान बरोबर मध्ये असला की दोन्ही ट्वीटर समान अंतरावर, खड्डा नाही. उभं राहिलात तर आवाज बदलेल, बदलू दे, गाणं बसून ऐका. हेच स्पीकर शेजारी-शेजारी ठेवले तर ते खड्डे आडवे पडतात आणि सोफ्यावरच्या प्रत्येक माणसाला वेगळं गाणं ऐकू येतं, म्हणून शेजारी कधीच नाही. रचल्यावर समांतर जोडणीत आवाज ६ डीबीपर्यंत वाढतो, त्यामुळे अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम खाली येतो, प्रत्येक वूफरला कमी धावावं लागतं आणि मोठ्या आवाजातही तो मोकळा वाटतो. पण दोन्ही जोड्या एकाच मॉडेलच्या हव्यात. आणि मध्ये रबराचे तुकडे ठेवा, पोरं असतील घरात तर पट्ट्याने बांधा.

दुसरा मार्ग, कामाची वाटणी, आणि बहुतेक घरांत हाच बसतो. छोट्या नव्या जोडीला मधला आणि वरचा भाग द्यायचा, मोठ्या जुन्या लाकडी डब्यांना फक्त बेस. बाबांचे ते आठ इंची वूफरचे डबे असेच वापरतो मी. दुसऱ्या अ‍ॅम्पच्या आधी लो-पास फिल्टर बोर्ड (फक्त बेस पुढे जाऊ देणारा) लावला, तोच जो असेम्बलवाले सबवूफरसाठी वापरतात, नॉब फिरवून ८०-१०० हर्ट्झच्या आसपास ठेवला, जुन्या डब्यांचा ट्वीटर आपोआप गप्प. नुसता ट्रेबलचा नॉब शून्यावर आणून हे होत नाही, करून बघितलंय, मधला सगळा आवाज तसाच येत राहतो. स्पीकरच्या वायरीत कॉइल टाकून फिल्टर करायचा विचार असेल तर ८ ओहमला १०० हर्ट्झसाठी जवळजवळ १३ मिलीहेन्रीची कॉइल लागते, तांब्याचा हा गोळा विकत घेण्यापेक्षा बोर्ड स्वस्त. हेच एव्हीआरमध्ये सबवूफरच्या आउटपुटमधून फुकट मिळतं.

बेसचे डबे छोट्या जोडीच्या शेजारीच असायला हवेत असं नाही. ८० हर्ट्झच्या खाली कानाला दिशा फारशी कळत नाही. उलट वेगळ्या जागी ठेवलेले जास्त चांगले, कारण आपल्या खोल्या. १० बाय १२ फुटाच्या खोलीत १२ फुटी बाजू ४७ हर्ट्झला आणि १० फुटी बाजू ५६ हर्ट्झला घुमते, म्हणून एका कोपऱ्यात बेस ढणढण आणि मधल्या खुर्चीवर काहीच नाही. दोन ठिकाणांहून बेस सोडला की एकाचा खड्डा दुसरा भरतो. हर्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी यावर बरंच काम केलंय, दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणं ही त्यातली एक चांगली मांडणी. आपल्या हॉलमध्ये एका भिंतीच्या मध्यावर दार असतं आणि दुसरीच्या मध्यावर देव्हारा, त्यामुळे जमेल तेवढं करा. माझा एक डबा टीव्हीच्या कोपऱ्यात आणि दुसरा सोफ्याच्या मागे आहे, वर फुलदाणी ठेवलीये, बायकोची अट होती.

तिसरा मार्ग, मागची जोडी. यात घोटाळा असा होतो की मागचे स्पीकर सोफ्याला जवळ असतात. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, मागचा स्पीकर दोन मीटर जवळ असला तर त्याचा आवाज ६ मिलिसेकंद आधी पोचतो. आणि कानाचा नियम, जो हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये मांडला, असा की थोड्या फरकाने आलेले दोन सारखे आवाज एकच वाटतात आणि दिशा ठरते ती आधी आलेल्यावरून. म्हणून गायिका एकदम तुमच्या पाठीमागे जाऊन बसते. एव्हीआरमध्ये स्पीकरची अंतरं नीट मोजून भरलीत तर तोच डिले टाकतो. साध्या अ‍ॅम्पवर दोनच उपाय, मागची जोडी पुढच्यापेक्षा बरीच हळू ठेवा, इतकी की चालू आहे ते कळूच नये पण बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, नाहीतर खालची युक्ती.

ही युक्ती अमेरिकन ऑडिओ इंजिनिअर डेव्हिड हाफलर यांच्या नावाने ओळखली जाते, १९७० च्या आसपासची, आणि फुकटातली इतकी मजा दुसऱ्या कशात नाही. मागच्या डाव्या स्पीकरचा प्लस अ‍ॅम्पच्या डाव्या प्लसला, मागच्या उजव्याचा प्लस अ‍ॅम्पच्या उजव्या प्लसला, आणि मागच्या दोघांचे मायनस फक्त एकमेकांना, अ‍ॅम्पला नाहीत. झालं. आता मागे वाजतो तो डाव्या-उजव्यातला फक्त फरक. जे दोन्हीकडे सारखं आहे, म्हणजे मधला गळा, ते मागे येतच नाही, येतो तो सभागृहाचा घुमारा, टाळ्या, तानपुऱ्याची आस. मैफिलीचं लाइव्ह रेकॉर्डिंग लावलं तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला होता, कोणीतरी मागे खोकलं तर मी वळून बघितलं. बरोबर जोडलंय का याची परीक्षा सोपी, पन्नास-साठच्या दशकातलं मोनो गाणं लावा, मागचे स्पीकर जवळजवळ मुके झाले पाहिजेत. दोघे सिरीजमध्ये असल्याने अ‍ॅम्पवर लोडही थोडाच. पण पायरी २ मधला कागद बघा: दोन्ही मायनस कॉमन नसलेल्या अ‍ॅम्पवर हे करायचं नाही.

ब्लूटूथ स्पीकर यात मिसळता येईल का असं हमखास विचारतात. नाही. ब्लूटूथला शंभर-दोनशे मिलिसेकंद उशीर होतो, वायरच्या जोडीबरोबर तो डोंगरात हाक मारल्यासारखा प्रतिध्वनी देतो. एकाच मॉडेलचे दोन ब्लूटूथ स्पीकर आपापसात जोडीने लावायची सोय असते ती वेगळी.

पायरी ६: लेव्हल जुळवणं

एका जोडीची सेन्सिटिव्हिटी ८६ डीबी आणि दुसरीची ९० असेल तर त्याच व्होल्टेजला ९० वाली ४ डीबी मोठी वाजणार, म्हणजे अ‍ॅम्पची अडीच पट पॉवर ओतल्यावर पहिली तिच्या बरोबरीला येईल. फोनवर आवाज मोजायचं कुठलंही अ‍ॅप घ्या, फोन डोक्याच्या जागी ठेवा, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला धबधब्यासारखा आवाज) लावा आणि एकेक जोडी वेगवेगळी मोजा. अ‍ॅपचा आकडा खरा नसतो पण दोन मोजमापांतला फरक पुरेसा खरा असतो. बेसची जोडी अ‍ॅपने जुळत नाही, फोनचा माइक तिथे लंगडा, ती कानाने: बेसचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवा, जिथे डबा वाजतोय हे जाणवेल तिथून थोडं मागे या. तबल्याचा बायां ऐका. मींड घेतली की आवाज सरकत गेला पाहिजे, मध्येच एखाद्या जागी फुगला तर डबा अर्धा फूट हलवा किंवा भिंतीपासून पुढे ओढा.

इथेच बेसच्या जोडीची फेज, म्हणजे तिची लाट पुढच्या जोडीच्या लाटेशी जुळते की उलटी पडते ते, पण तपासा. दोन्ही बेसच्या डब्यांच्या वायरी एकदा उलट्या लावून ऐका, दोन्हीच्या, एकाच्या नाही, आणि अ‍ॅम्प बंद करूनच. ज्यात बेस भरीव येतो ते ठेवा. फिल्टरमुळे फेज फिरलेली असते, त्यामुळे लालला लाल हे इथे दरवेळी बरोबर ठरतंच असं नाही.

पायरी ७: खरंच सुधारलंय का

मोठा आवाज माणसाला नेहमी जास्त चांगला वाटतो, दुकानदारांना हे आपल्याआधी माहिती आहे. म्हणून तुलना करताना व्हॉल्यूम सारखा करा. फक्त ए वर अ‍ॅप ७० दाखवत असेल तर ए आणि बी मिळून पण ७० वरच आणा, मग ऐका. घरातल्या कोणाला तरी बटण दाबायला बसवा आणि तुम्ही डोळे मिटा. मला सगळ्यात उपयोगी पडलेल्या गोष्टी म्हणजे मोनो गाणं, गळा दोन स्पीकरच्या मधोमध मुठीएवढा दिसला पाहिजे, सतरंजीएवढा नाही, आणि आकाशवाणीच्या बातम्या. बातम्या का, तर बोलणारा माणूस कसा वाटतो ते आपल्याला जन्मापासून पाठ असतं, त्यात खोट लगेच कळते. शब्द धूसर झाले असतील तर दुसरी जोडी वरच्या भागात लुडबुड करतेय, तिचा फिल्टर खाली आणा, नाहीतर जागा बदला.

आणि दुसरी जोडी बंद केल्यावरच जास्त छान वाटलं तर सरळ बंद ठेवा, झालेल्या खर्चाकडे बघून उगाच वाजवू नका. आपल्या हॉलमध्ये खाली टाइल्स, समोर रिकामी भिंत, एका बाजूला काचेची खिडकी, अशा खोलीत जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचं कपाट जेवढं काम करतात तेवढं दोन जास्तीचे स्पीकर नाही करत. मी हे उलट्या क्रमाने शिकलो.

पहिल्या आठवड्यात अ‍ॅम्पवर लक्ष ठेवा. अर्धा तास नेहमीच्या आवाजात वाजल्यावर वरच्या पत्र्यावर तळहात पाच सेकंद निवांत ठेवता आला पाहिजे, चटका बसला तर पायरी ३ चं गणित पुन्हा करा, आणि अ‍ॅम्पवर क्रोशाचा रुमाल, सेट-टॉप बॉक्स, मांजर यातलं काहीही ठेवू देऊ नका. आठवड्याने सगळी टर्मिनल पुन्हा आवळा, नवी वायर दबून ढिली होते.

शेवटी वायरींना चिकटपट्टीने नावं लावा, पुढचा डावा, पुढचा उजवा, बेस एक, बेस दोन, आणि कुठली वायर कुठल्या टर्मिनलला आणि कुठला स्पीकर मुद्दाम उलटा जोडलाय हे एका कागदावर लिहून अ‍ॅम्पच्या खाली चिकटवा. पुढच्या दिवाळीत सफाईला कोणीतरी सगळ्या वायरी उपटणारच आहे.